मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी करणारा आहार: सोलापूरच्या स्वयंपाकघरातून सुरुवात

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचा धोका रोजच्या जेवणाने वाढतो, तसा तो कमीही करता येतो, हे गेल्या पन्नासएक वर्षांच्या संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. भारतात याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे; परंतु शहरांत ते वाढत आहे आणि पन्नाशीच्या आतले रुग्णही दिसू लागले आहेत. ही माहिती कानावर आली की पुष्कळ जण घाबरून ओट्स, किन्वा आणि परदेशी पावडरींचे डबे घरी आणतात. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला त्यांतील कशाचीही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्वारीची भाकरी, कडधान्याची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर ताक हे ताट या रोगापासून बचावासाठी दिल्या जाणाऱ्या आहारसल्ल्याच्या अगदी जवळ जाते. अडचण एवढीच आहे की हे ताट आता रोजचे राहिलेले नाही. ज्यांनी आजवर या दृष्टीने आपल्या जेवणाकडे पाहिलेले नाही, त्यांनी सुरुवात कोठून करावी आणि पुढे कसे जावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी रोग कसा होतो ते थोडक्यात समजून घेऊ. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी लहान मांसल गाठी उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक गाठी निरुपद्रवी राहतात, परंतु त्यांतील काही प्रकारच्या गाठी हळूहळू, बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षांत, कर्करोगात बदलतात. म्हणजे आठवडाभर कडक पथ्य पाळून काही साधत नाही आणि एखाद्या दिवशी लग्नात भरपेट जेवल्याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे ताटात काय येते, त्यावर सारे अवलंबून आहे.

अन्नातील तंतुमय भाग, म्हणजे ज्याला आपण चोथा किंवा कोंडा म्हणतो तो, लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणू त्याला आंबवून काही उपयुक्त आम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरेट हे आम्ल आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य खाद्य आहे. ते या पेशींना निरोगी ठेवते आणि दाह आटोक्यात ठेवते. शिवाय चोथ्यामुळे मळ मऊ व भरीव होतो आणि लवकर पुढे सरकतो, त्यामुळे त्यातील अपायकारक द्रव्ये अस्तराला फार काळ लागून राहत नाहीत. युगांडात अनेक वर्षे काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी तेथील ग्रामीण लोकांत हा कर्करोग क्वचित दिसतो, हे पाहून १९७१ साली त्याचा संबंध चोथायुक्त आहाराशी जोडला. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० आणि अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या २० व्यक्तींचा आहार दोन आठवड्यांसाठी आपसांत बदलण्यात आला. अमेरिकेतील लोकांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि अस्तराचा दाह उतरला. आफ्रिकेतील लोकांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. अवघ्या दोन आठवड्यांत इतका फरक पडावा, ही बाब मला फार आशादायक वाटते.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००० साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांच्या गाठी आधी काढून टाकल्या होत्या, अशा लोकांना सुमारे चार वर्षे कमी चरबीचा आणि भरपूर चोथ्याचा आहार देऊनही नव्या गाठी उगवण्याचे प्रमाण कमी झाले नाही. त्यामुळे आहार हा धोका घटवण्याचा मार्ग आहे, हमी नव्हे. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या आणि वेळेवर जेवणाऱ्या माणसालाही हा रोग होऊ शकतो, आणि तसे झाले तर त्यात त्याचा काही दोष नसतो.

आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली आणि बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. अशा नोंदींतून जे चित्र पुढे आले, त्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग खेड्यांत शहरांच्या तुलनेने बराच कमी होता. याचे सगळे श्रेय भाकरीला देता येणार नाही. शेतातील कष्ट, सडपातळ शरीर आणि रोगनिदानाच्या अपुऱ्या सोयी यांचाही त्यात वाटा असणार. तरीही भाकरीचा वाटा नाकारण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: आठवडाभर केवळ नोंद ठेवा

काहीही बदलण्याआधी सात दिवस वहीत लिहा: सकाळी काय खाल्ले, दुपारी भाकरी होती की भात, भाजी किती होती, संध्याकाळी चहासोबत काय घेतले, रात्री बाहेर काय खाल्ले. ग्रॅमचा हिशोब नको. वाटी, चमचा आणि नग पुरे. शहरातील बहुतेक घरांत ही नोंद वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: सकाळी पोहे किंवा उपीट, दुपारी भात आणि पातळ आमटी, चारच्या चहाला खारी किंवा बिस्किटे, रात्री पुन्हा भात किंवा मैद्याचे काहीतरी, आणि भाजी जेमतेम दोन चमचे. मांसाहार न करणाऱ्यांनी तर ही नोंद आवर्जून ठेवावी. मांस वर्ज्य केले की आहार आपोआप सुरक्षित झाला, असा समज सर्वत्र आहे. परंतु पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, फरसाण आणि गोड यांवर चालणाऱ्या शाकाहारात चोथा फारच थोडा असतो.

दुसरी पायरी: धान्य बदला

सर्वांत मोठा फरक येथेच पडतो, म्हणून या पायरीला वेळ द्या. ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी आणि कोंड्यासह दळलेली गव्हाची कणीक यांत त्याहून किंचित जास्त. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तो ३ ग्रॅमही भरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा घ्यावा असे सांगते. आता हिशोब पाहा. मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांना साधारण दीडशे ग्रॅम पीठ लागते. त्यातून सुमारे १५ ग्रॅम चोथा मिळतो, म्हणजे निम्म्याहून अधिक काम तेथेच झाले. तेवढ्याच वजनाच्या तांदळाच्या भातातून ४ ग्रॅमच्या आसपास मिळतो. रोजच्या आहारात अखंड धान्य ९० ग्रॅम असेल, तर या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळतो, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा निष्कर्ष आहे.

सोलापूरकरांना ज्वारी शोधायला जावे लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मालदांडी या ज्वारीच्या वाणाचे नाव ठाऊक नसलेले घर या जिल्ह्यात सापडणे कठीण. अडते ते भाकरी थापण्यापाशी. ज्यांना भाकरी जमत नाही, त्यांच्या बाबतीत दोष बहुधा हाताचा नसून पिठाचा असतो. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते; मग कितीही मळले तरी थापताना कडा फाटतात. म्हणून पीठ आठ-दहा दिवस पुरेल एवढेच दळून आणावे. परातीत एका भाकरीपुरतेच पीठ घेऊन त्यात चांगले गरम पाणी थोडे थोडे घालावे आणि तळहाताच्या टाचेने रेटून रेटून मळावे; गोळा गुळगुळीत झाला आणि बोटाने दाबल्यावर त्याला भेग पडली नाही, की तो थापण्याजोगा झाला. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवावे, ते सुकत आले की उलटावी आणि शेवटी थेट विस्तवावर फुगवावी. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकून देऊ नये, कारण ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच त्यासोबत निघून जाते.

पाळीचे काम करणाऱ्यांना किंवा एकटे राहणाऱ्यांना रोज तवा तापवणे शक्य नसते. त्यांच्यासाठी कडक भाकरी उत्तम. ती पुष्कळ दिवस टिकते आणि आमटीत किंवा दह्यात चुरून खाता येते. सोबत शेंगाचटणी येणारच. शेंगदाणे वाईट नाहीत, परंतु त्यांत तेल भरपूर असते आणि चटणीत मीठही असते, तेव्हा ती चमचाभर असावी आणि भाजीच्या जागी नसावी. चटणीसाठी शेंगदाणे घेताना काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी आलेले दाणे वेचून टाकावेत. त्या बुरशीचे विष मुख्यतः यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. तो या लेखाचा विषय नसला तरी दाणे निवडायची सवय सोडू नये.

ज्या घरांत चपातीच चालते त्यांनी ती बदलण्याचा हट्ट धरू नये. कोंड्यासह दळलेल्या गव्हाची चपाती या कामी ज्वारीपेक्षा कमी नाही. सुरुवात दिवसातील एका जेवणात भाताऐवजी भाकरी किंवा चपाती घेण्यापासून करा. महिनाभरात ती सवय होते.

तिसरी पायरी: उसळ, पालेभाजी आणि फळ

धान्यानंतर कडधान्य. मटकी, हुलगे, चवळी, हरभरे, मूग यांपैकी एकाची वाटीभर उसळ रोजच्या एका जेवणात असावी. डाळीपेक्षा सालासह कडधान्यात चोथा अधिक असतो, म्हणून रोज तुरीच्या डाळीचे वरण करण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा अख्खे कडधान्य शिजवावे. हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे हे पदार्थ नव्या पिढीच्या स्वयंपाकातून मागे पडले आहेत; ते परत आणावेत असे मला मनापासून वाटते.

भाज्या आणि फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. यासाठी महाग भाज्या लागत नाहीत. लक्ष्मी मंडईत ऋतूप्रमाणे मेथी, चुका, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, घोळ आणि करडईची कोवळी पाने मिळतात. पालेभाजीची एक जुडी शिजल्यावर एवढीशी होते, म्हणून चौघांच्या घरात दोन जुड्या आणाव्यात आणि भाजी तोंडी लावण्यापुरती न वाढता वाटीभर वाढावी. शहरी जेवणात भाजी ही भाकरीला लावायची गोष्ट झाली आहे. हे प्रमाण उलटे करणे हीच खरी सुधारणा.

आपल्याकडे हे प्रमाण नेमके साधणारा पदार्थ वेळ अमावस्येला घरोघरी होतो. त्या दिवशी शेतात नेल्या जाणाऱ्या भज्जीत तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, चुका, कांद्याची पात असे जे जे हिरवे हाती येईल ते एकत्र शिजते, चिंचेने आंबट होते आणि थोड्या पिठाने दाट होते. सोबत बाजरीची भाकरी आणि ज्वारीची आंबील असते. आहारतज्ज्ञाने आखून दिल्यासारखे हे जेवण आहे. ते वर्षातून एकदाच का करावे? हिवाळ्यात ओले दाणे मिळतात तोवर दर आठवड्याला आणि एरवी भिजवलेली कडधान्ये घालून भज्जी करता येते. हुरडाही अखंड धान्यच आहे. मात्र हुरडा पार्टीत त्यासोबत येणाऱ्या शेव, रेवड्या आणि गोडाचे प्रमाण आवरावे.

फळांत पेरू चोथ्याच्या दृष्टीने फार चांगला आणि स्वस्तही. सांगोला-पंढरपूर भागातील डाळिंब घ्यायचे तर दाणे बियांसकट चावून खावेत. रस काढून गाळला की साखर ग्लासात येते आणि चोथा गाळणीत राहतो.

घाई करू नका

येथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. ज्याचे आतडे वर्षानुवर्षे भातावर चालले आहे, त्याने एकदम दोन भाकऱ्या, उसळ आणि पालेभाजी सुरू केली तर पोट फुगते, गुडगुडते, वायू धरतो. मग मला हे मानवत नाही, असे म्हणून तो सारे सोडून देतो. जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात एक भाकरी, दुसऱ्या आठवड्यात पालेभाजी वाढवा, तिसऱ्यात उसळ. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून चांगले मऊ शिजवले की वायूचा त्रास कमी होतो. चोथा वाढला की पाणीही वाढलेच पाहिजे, नाहीतर बद्धकोष्ठता होते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो आणि घामावाटे शरीरातील पाणी बरेच निघून जाते. तेव्हा लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी, ताक किंवा पातळ आंबील घ्यावी. ज्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आतडे अरुंद झाले आहे, किंवा ज्यांना आतड्याच्या जुनाट दाहाचा अथवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातील काहीही करू नये.

मटणाचे काय?

सोलापुरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली: प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम यांसारखे खारवलेले, धुरावलेले किंवा रसायने घालून टिकवलेले मांस, निश्चितपणे कर्करोगकारक आहे, रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. दुसरी: बोकड, मेंढी, म्हैस, डुक्कर यांचे ताजे तांबडे मांस बहुधा कर्करोगकारक आहे, म्हणजे पुरावा आहे पण तितका भक्कम नाही. तांबड्या मांसाची मर्यादा आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम अशी सांगितली जाते.

घरगुती भाषेत याचा अर्थ असा: चौघांच्या घरात हाडांसकट किलोभर मटण आणले, तर हाडे वजा जाता आणि शिजल्यावर आटून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सव्वाशे ग्रॅम येते. म्हणजे रविवारच्या मटणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. चिंता करावी ती आखाडात किंवा यात्रेच्या दिवसांत सलग जेवणावळी होतात त्यांची, हॉटेलात रोज खिमा खाणाऱ्यांची, आणि शहरात नव्याने रुळलेल्या सॉसेज-सलामीच्या सँडविच-पिझ्झाची. हे शेवटचे पदार्थ मुलांना लावूच नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजलेल्या मांसात अपायकारक रसायने तयार होतात. करपलेला भाग काढून टाकावा आणि भाजण्यापेक्षा रश्शात शिजवण्याला प्राधान्य द्यावे. मटणासोबत भात कमी, भाकरी आणि कांदा-काकडी जास्त, एवढे पथ्य जमण्यासारखे आहे. मासे आणि कोंबडी यांच्याविरुद्ध असा पुरावा नाही.

तिखटाबद्दल नेहमी विचारले जाते. झणझणीत खाल्ल्याने हा कर्करोग होतो, असा ठोस पुरावा नाही. मूळव्याध असलेल्याला तिखटाने त्रास होतो, ही वेगळी बाब.

दूध, दारू आणि वजन

दूध, दही, ताक यांतील कॅल्शियम आतड्यातील पित्ताम्लांना बांधून ठेवते आणि अस्तराचे रक्षण करते. ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक स्त्रियांच्या आहाराचा जो अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या ग्लासभर दुधाइतके, अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांत धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळला. दूध पचत नसेल तर ताक घ्यावे.

दारू या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. विदेशी, देशी, बिअर, शिंदी यांत फरक नाही, कारण अपाय करते ते त्यातील अल्कोहोल. तंबाखूचा धूरही धोका वाढवतो. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांहून अधिक असेल, तर तो कमी करणे हाही या आहाराचा हेतू समजावा. रोज अर्धा तास भरभर चालण्याने घेरही आटोक्यात येतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही घटतो.

हळदीचे पाणी, गोमूत्र, आतडे साफ करणारी चूर्णे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांनी हा रोग टळतो, असे माणसांवरील अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. त्यांवरचे पैसे पेरू आणि पालेभाजीवर खर्च करावेत.

आहारावर विसंबून तपासणी टाळू नका

शौचावाटे रक्त पडणे, मळ काळपट होणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल होणे, पोट साफ न झाल्याची भावना सतत राहणे, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्तातील लोह कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर ते मूळव्याध समजून घरगुती औषध घेत बसू नये. रक्त दिसले की मूळव्याधच, असे गृहीत धरल्यामुळे निदानाला उशीर होतो, आणि हा रोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार मोठी असते. डॉक्टरांकडे जाताना त्रास कधीपासून आहे, वजन किती घटले आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का हे सांगावे, कारण त्या गोळ्यांनीही मळ काळा होतो. लाज वाटून ही माहिती अर्धवट देऊ नये.

आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर तक्रार नसतानाही कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे कॅमेरा असलेल्या नळीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीबद्दल, डॉक्टरांशी बोलावे. अशा घरांतील तपासणी साधारणतः वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात रोग आढळला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. म्हणजे भावाला ४५ व्या वर्षी निदान झाले असेल, तर बहिणीची पहिली तपासणी ३५ व्या वर्षी व्हायला हवी.